तात्यांना अडलेला वाण

आमचे तात्या मला बघायला आले, तेव्हा त्यांनी सगळ्यात जास्त वेळ पेरूकडे बघितलं. पुण्यातलं आमचं दोन खोल्यांचं घर, समोर पाहुणे, मी साडीत अवघडलेली, आणि हे भावी सासरे बशीतली फोड खिडकीच्या उजेडात धरून तिच्या बिया निरखताहेत. "ह्याचा वाण कंचा?" त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं. वडील पोस्टात नोकरीला. ते म्हणाले, "मंडईतून आणलाय." तात्या गंभीरपणे म्हणाले, "मंडई हा काय वाण न्हाय." मग फोड तोंडात टाकून त्यांनी डोळे मिटले आणि पेरूचं नाव, त्याचं मूळ गाव, झाडाला पाणी जास्त झालंय, हे सगळं सांगून टाकलं. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला. दातांची डॉक्टर आहेस, तर दातावरून माणसाचं वय सांगता येतं का? मी म्हटलं, अंदाजे येतं. "बैलाचं नेमकं येतं," असं म्हणून त्यांनी दुसरी फोड उचलली. माझं लग्न ठरलं ते असं.

तात्यांचं घर पिंपळीत, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी कडेला. ऊस, चार गाई, बांधावर थोडी वांगी-टोमॅटो. गाळपाचा हंगाम सुरू झाला की तात्या सकाळचा चहा पिऊन ओट्यावर बसत आणि समोरून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बघत. "८६०३२," ते उसाच्या वाणाचा आकडा सांगत. मग "२६५." मग जरा थांबून, "ह्यात दोन हायत, वरनं एक आन् खालनं एक." धावत्या ट्रॉलीतला ऊस हे कसं ओळखतात, असं मी सुरुवातीला भाबडेपणानं विचारलं, तर त्यांनी मला शेतात नेऊन तासभर उसाचा डोळा फुगीर की चपटा, पाचट कांडीला किती धरून बसतं, पानावर टोचरी कूस किती, असं सगळं शिकवलं. घरी आल्यावर परीक्षाही घेतली. मी नापास झाले. दंतवैद्यक महाविद्यालयात पदक मिळवलेली मी उसात नापास झाले, हे ते पुढची कैक वर्षं पाहुण्यांना कौतुकानं सांगत.

उसावर थांबले असते तर ते तात्या कसले! कोंबडी, आंबा, विहिरीवरची मोटर, स्वेटरची लोकर, पाहुण्याच्या नाकाची ठेवण, सगळ्याचा त्यांना वाण लागायचा. एकदा बारामतीतल्या माझ्या दवाखान्यात आले आणि बाकावर बसलेल्या अनोळखी बाईला म्हणाले, "तुमी वडगाव निंबाळकरच्या. चावडीमागचं घर." बाई घाबरली, कारण ते खरं होतं. सासूबाई म्हणत, "माझं नाव इसरत्याल, पर कोंबडीचा वाण इसरायचे न्हाईत."

आता एक गोष्ट घरातली म्हणून सांगते. तात्यांना सगळंच ओळखू यायचं असं नाही. पण "मला ठाऊक नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडातून कधी निघायचं नाही. जे ओळखता येत नसे, त्याला ते ठसक्यात म्हणत, "गावठी हाय." एकदा माझ्या मैत्रिणीनं परदेशातून आणलेलं एक जांभळं फळ त्यांच्यापुढे ठेवलं. तात्यांनी ते हातात फिरवलं, वास घेतला, नखानं साल खरवडली आणि परत ठेवलं. "गावठी हाय." ऐकणारे मान डोलवत. आम्ही घरातले मात्र एकमेकांकडे बघून हसू दाबत असू.

हे सगळं मजेत चाललं होतं. त्यात अण्णांची गिटार आली.

अण्णा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. मिसरूड फुटायच्या वयात ते पुण्याला पळून गेले, ऑर्केस्ट्रात वाजवायला लागले, आणि उतारवयात इंदापुरात, बायकोच्या माहेरगावी, स्टँडजवळ कॅसेटचं दुकान टाकून स्थिरावले. माणूस गोड, पण बोलण्याला मीठमसाला फार. पिंपळीत त्यांची ख्याती थापाड्या म्हणूनच होती. आमच्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाला ते जीपमधून एक काळी पेटी घेऊन आले. मी नवी नवरी, डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात. अण्णांनी पेटी उघडून गिटार बाहेर काढली. मी पाहिलेल्या गिटारींसारखी ती नव्हती. तिचं पोट सपाट नव्हतं, फुगीर होतं, मध्ये गोल भोक नव्हतं, आणि दोन्ही बाजूंना व्हायोलिनसारख्या लांबट, वळणदार चिरा होत्या. रंग जुन्या गुळासारखा.

अण्णांनी दोन गाणी वाजवली. मग भरल्या मांडवात म्हणाले, "तात्या, सगळ्यांचा वाण सांगतोस, हिचा सांग. मी सांगू? जर्मनीची हाय. एक जर्मन इंजिनियर मायदेशी जाताना मला देऊन गेला. कारखान्याचं एक नंबरचं मॉडेल. आन् हे पोट बघ, फळी दाबून वाकवलेली न्हाय, अख्ख्या लाकडातनं कोरून काढलंय." सगळ्यांच्या माना तात्यांकडे वळल्या. तात्यांनी गिटार हातात घेतली, उलटीसुलटी केली, बोटानं वाजवून बघितली, वास घेतला. कपाळावर घाम आला. आणि मग म्हणाले, "गावठी हाय. बाभळीची फळी."

मांडव हसून हसून लोटपोट झाला. कुणी म्हणालं, "अण्णाची जर्मनी कुरकुंभाच्या अलीकडंच हाय." अण्णाही हसले. गिटार पेटीत ठेवली, जेवले आणि संध्याकाळच्या आत इंदापूरला निघून गेले. पुढच्याच वर्षी हृदयविकारानं ते गेले. तेराव्याला त्यांच्या बायकोनं ती पेटी तात्यांच्या पुढ्यात ठेवली. "ही तुमाला द्यायला सांगितली हुती," एवढंच त्या बोलल्या. तात्या पेटी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले आणि घर येईपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही.

त्या दिवसापासून तात्यांना एकच ध्यास लागला. वाजवता त्यांना शष्प येत नव्हतं. कलिंगड पिकलंय का बघावं तसं ते अंगठ्यानं एक तार छेडत आणि कान लावत. रोज संध्याकाळी धारा झाल्या की गिटार मांडीवर. चष्मा कपाळावरून नाकावर, नाकावरून कपाळावर. कधी टिचकी मारून बघत, कधी पाठ उन्हाकडे करून रेषा मोजत. एकदा दूध संकलन केंद्राच्या काट्यावर तिचं वजन करून आणलं. सुताराला दाखवली. तो म्हणाला सागवान नाही, एवढं नक्की. डोक्याकडच्या भागावर कंपनीच्या नावाचा बिल्ला असावा, पण तो कधीच पडून गेलेला, नुसती खिळ्यांची दोन बारीक भोकं उरलेली. तात्या त्या भोकांवरून बोट फिरवत बसत.

मी गमतीनं एकदा म्हटलं, "तात्या, गावठी आहे ना? मग काय शोधताय?" ते हसले नाहीत. गिटार पुसता पुसता म्हणाले, "अण्णा मांडवात खरं बोलला आसंल, तर डॉक्टर, मी त्याला सगळ्यांदेखत खोटा पाडला. आन् खोटं बोलला आसंल तर माझं चुकलं न्हाय. दोन्हीतलं कंचं, ते कळल्याबिगर मला वहिनीपुढं बसता येत न्हाय." तेव्हा मला कळलं की हे इंदापूरला जातात, पण वहिनींकडे उभ्या उभ्या पाणी पिऊन का परततात.

मी शोधाला हातभार लावायचा प्रयत्न केला. मोबाईलवर फोटो टाकून बघितला, तर मोबाईल म्हणाला, हे चेलो आहे. तात्या भडकले. "ह्याला गिटार आन् चेलोतला फरक कळंना, आन् तुमी ह्याला विचारून औषधं देता!" मी औषधं मोबाईलला विचारून देत नाही, हे त्यांना पटवण्यात माझा अर्धा तास गेला. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, हे त्यांना अर्थातच माहीत नव्हतं.

शेवटी वाट सापडली ती माझ्या वर्गमैत्रिणीमुळे. पुण्यात कॅम्पात जुनी वाद्यं दुरुस्त करणारे मिस्किटा नावाचे एक वृद्ध गृहस्थ तिच्याकडे कवळी करून घ्यायला आले होते. तिनं त्यांचा नंबर दिला. मी फोन केला, तर त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. म्हणाले, "बाई, वाद्याला ओळखायचं असेल तर बाहेरून बघून उपयोग नाही. आतून बघावं लागतं. त्या चिरांमधून आत कागदाचं लेबल दिसतं का बघा. चिरेच्या कडेला लाकडाचे थर दिसतात का बघा; थर असले तर फळी दाबून वाकवलेली. आणि फुगीर भागाच्या आतल्या बाजूला कारागिरानं पेन्सिलीनं काही लिहिलंय का तेही बघा. फक्त त्याला लांब दांड्याचा छोटा आरसा लागतो, तो तुमच्याकडे कुठून असणार?"

मी म्हटलं, "माझ्याकडे असे बावीस आहेत."

रविवारी दुपारी, दवाखाना बंद असताना, तात्या गिटार घेऊन बारामतीला आले. ती त्यांनी स्वतः पेशंटच्या खुर्चीवर झोपवली, उशी दिली आणि गळ्याखाली निळा कागदी रुमालही बांधला. म्हणाले, "रीतीनं होऊ द्या." मी दिवा वरून खाली ओढला, मुखदर्पण घेतला आणि डाव्या चिरेतून आत घातला. अर्ध्या ओढलेल्या शटरखालून कुणीतरी वाकून बघत विचारलं, "डॉक्टर, आज चालू हाय का?" तात्यांनीच उत्तर दिलं, "पेशंट घेतलाय. उद्या या."

आत लेबल होतं. म्हणजे लेबलाची जागा होती. पाठीच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक चौकोनी कागद, पण त्यावर एक अक्षर शिल्लक नव्हतं. पिवळट-तपकिरी, फुगलेला, मध्ये सुरकुतलेला, आणि त्यावर लालसर ठिपके. मी आरसा फिरवून फिरवून बघितला. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या डोक्यात प्रश्न आला तो रोगाच्या कारणाचा. हे पाणी आत गेलं कुठून? आमच्या घरात गिटार कधी पावसात ठेवलेली नव्हती.

आणि एकदम मला आठवलं. खंडेनवमी!

आमच्याकडे खंडेनवमीला अंगणात सगळी अवजारं मांडतात. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, कोयते, खुरपी, माझी दात काढायची पक्कडसुद्धा. गिटार घरात आल्यापासून तात्या तिलाही त्यात ठेवत, अगदी मधोमध, पाटावर. तिला हळद-कुंकू लावत, पुढ्यात नारळ फोडत आणि नारळाचं पाणी सगळ्या अवजारांवर शिंपडून झालं की उरलेल्यातलं पळीभर त्या चिरेतून आत सोडत. "हिला तोंड हाय," ते म्हणत. "तोंड हाय त्याला पाजायला नको का?" दर वर्षी एक पळी. सतरा वर्षं. मी स्वतः बाजूला उभी राहून ते बघितलं होतं, फोटो काढले होते आणि गोड वाटलं म्हणून मैत्रिणींना पाठवलेही होते.

सांगावं की न सांगावं, असा मला क्षणभर प्रश्न पडला. पण तात्यांपासून काही लपत नसे. त्यांनी माझा चेहरा बघूनच विचारलं, "काय हाय आत?" मी आरसा त्यांच्या हातात दिला, दिवा धरला आणि कुठे बघायचं ते दाखवलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ झाले.

"ही हळद हाय," ते म्हणाले.

"हो, तात्या."

"आन् कागूद नारळाच्या पाण्यानं गेला."

मी दिवा बाजूला केला.

"अण्णा खरा का खोटा, ह्याचा एकच कागूद हुता," तात्या म्हणाले, "आन् तो मीच धुऊन काढला. पूजा म्हनून." ते पेशंटच्या बाजूच्या स्टुलावर बसले. मी त्यांना कधी इतकं लहान झालेलं बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला, कारण मी शिकलेली असून मला एकाही वर्षी सुचलं नव्हतं की लाकडी वाद्यात पाणी ओतू नये.

मी त्यांना चहा पाजला आणि परत आरसा हातात घेतला. म्हटलं, "तात्या, एक दात गेला म्हणून तोंड बंद करत नाहीत. मिस्किटांनी तीन गोष्टी सांगितल्यात. एक गेली. दोन आहेत." चिरेच्या कडेवर दिव्याचा झोत टाकला. तिथलं रोगण झिजून कोरं लाकूड दिसत होतं. "ह्यात थर दिसतात का, ते तुम्ही सांगा. मला लाकडातलं कळत नाही."

हे मी खोटं बोलले नव्हते, पण पूर्ण खरंही नव्हतं. तात्या उठले. चष्मा नाकावर आला. त्यांनी नखानं कड चाचपली, आरसा आत घालून वरची रेष आणि आतली रेष जुळते का बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, परत डावीकडे. आणि मग मला तो ट्रॉल्या ओळखणारा आवाज ऐकू आला. "थर न्हाईत. थर असते तर आडवे दिसले असते. वरची रेघ हाय तशीच आत उतरलीया. मधी जाड हाय, कडंला पातळ केलंय. डॉक्टर, ही वाकवलेली न्हाय. ही कोरलीया!"

"नक्की?"

"मला इचारता?" तात्या म्हणाले. ते परत मोठे झाले होते.

पेन्सिलीची खूण सापडायला आणखी अर्धा तास गेला. ती फुगीर भागाच्या आतल्या बाजूला, अगदी वर होती, जिथे नारळाचं पाणी पोचणं शक्य नव्हतं. तात्यांना ती आरशात उलटी दिसून काही उमगेना. मी मात्र रोज आरशात बघून उलट्या हातानं कामं करते, त्यामुळे मला ती सरळच दिसली. दोनचा इंग्रजी आकडा, त्याला गोल केलेला, आणि खाली कारागिराची सही. कडेनं फिरणाऱ्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या तात्यांनी मोजल्या. तीन.

मिस्किटांना फोटो पाठवले आणि मग व्हिडिओवर बोललो. त्यांनी गिटार चहूबाजूंनी दाखवायला लावली, तारा अडकवायचा शेपटीकडचा पत्रा जवळून बघितला आणि टाळी वाजवली. जर्मनीतल्या एका छोट्या कारखान्याची ती होती, तो कारखाना कधीच बंद पडला होता, आणि तशाच एका गिटारीची त्यांनी तरुणपणी मान बसवून दिली होती. "त्यांची तीन मॉडेलं," ते म्हणाले. "एक नंबरला कडेला पाच पट्ट्या. दोन नंबरला तीन. तीन नंबरचं पोट दाबून वाकवलेलं. तुमची पोटानं कोरीव आणि पट्ट्या तीन. त्यात आत दोनचा आकडा. दोन नंबरचं मॉडेल, शंकाच नको. कुणाची ही?"

"माझ्या भावाची," तात्या मोबाईलच्या अगदी जवळ तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाले. "तो खरं बोलत हुता."

दुसऱ्याच दिवशी दवाखाना बंद ठेवून आम्ही इंदापूरला गेलो. नवरा उसाच्या लागणीत अडकला होता, म्हणून गाडी मी चालवली. तात्या पुढे, गिटार त्यांच्या मांडीवर, आणि पट्टा दोघांना मिळून एक. काटेवाडी गेली, लासुर्णे गेलं, निमगाव केतकी आलं, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि तात्यांनी एकाचाही वाण सांगितला नाही. मीच एकदा विचारलं, "हा कुठला?" तर म्हणाले, "गाडीकडं बघा."

मोठ्या आई, म्हणजे अण्णांच्या पत्नी, सोप्यात बसून डाळिंब सोलत होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेली, पण दात सगळे स्वतःचे. तात्या या वेळी उभे राहिले नाहीत. त्यांच्यासमोर मांडी घालून बसले, पेटी मध्ये ठेवली आणि पाठ केलेलं म्हणावं तसं एका दमात बोलले.

"वहिनी, अण्णाची गिटार जर्मनीचीच हाय. कोरलेलीच हाय. मी डोळ्यानं बघितलं. एक नंबर न्हाय, दोन नंबर हाय, पर बाकी समदं खरं हुतं. मी चारचौघांत तिला गावठी म्हनलो. त्याला खोटा पाडला. माझं चुकलं."

तात्यांच्या तोंडून "माझं चुकलं" अशी कबुली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मोठ्या आईंनी डाळिंबाचे दाणे वाटीत झटकले.

"आन् हे सांगायला सतरा वर्सं लागली व्हय, भावजी?"

"वाण कळल्याबिगर कसा सांगू?"

मोठ्या आई हसायला लागल्या. आधी तोंडातल्या तोंडात, मग पदर तोंडाला लावून, मग पदरही सुटला. "आवो, तुमी गावठी म्हनला ना, तवा परत येताना हे जीपमधी इतकं हसले, इतकं हसले, की डायवरनं गाडी बाजूला घेतली. म्हनले, तात्याला अडलं! जल्मात पयल्यांदा तात्याला अडलं, आन् ते माझ्या गिटारीनं अडवलं! घरी आल्यावर जेवताना हसत हुते."

तात्यांचं तोंड उघडं राहिलं. वरची डावी दाढ आता काढायला हवी, हेही मला त्याच वेळी दिसलं. "म्हंजे त्याला वाईट न्हाय वाटलं?"

"वाईट? आनि एक सांगू? ही दोन नंबरची हाय, हे त्यांना पयल्यापास्नं ठाऊक हुतं."

"मंग एक नंबर कशापायी म्हनला?"

"तुमाला खोटं काढायला कायतरी ठिवायला नको?"

तात्यांनी पेटी उघडली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मला वाटतं सतरा वर्षं त्यांच्या पोटात होता. "वहिनी, तुमची लेक हाय, जावई हाय. ही मलाच का दिली? मला तर तार लावायलाबी येत न्हाय."

मोठ्या आईंचं हसू ओसरलं. त्यांनी वाटी बाजूला सारली. "मी बी हेच इचारलं हुतं. दवाखान्यात. तर म्हनले, लेकीला दिली तर ती नीट कपाटावर ठिवंल. तात्याला दिली तर त्याला चैन पडायची न्हाय. वाण कळंस्तोवर रोज मांडीवर घेऊन बसंल. तेवढाच माझ्यापाशी बसंल. जित्तेपणी आमा दोघांला कुठं सवड झाली?" मग त्या म्हणाल्या, "हे मला तुमाला कवाच सांगायचं हुतं. पर तुमी कवा निवांत बसलातच न्हाय. आलात की उभ्या उभ्या पाणी पिऊन जायचात."

तात्यांनी चष्मा काढला. "लबाड हाय," ते म्हणाले, "पयल्यापास्नं लबाड हाय अण्णा," आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. त्यांनी ते पुसले नाहीत. मोठ्या आई रडत नव्हत्या. त्यांनी डाळिंबाची वाटी तात्यांपुढे सरकवली आणि आम्ही तिघांनी मिळून ती संपवली. त्या दिवशी आम्ही तिथं चार तास बसलो.

त्यानंतर तात्या दीड वर्ष होते. मग एका पहाटे झोपेतच गेले, फार कुणाला त्रास न देता. गिटार कुणाकडे ठेवायची हे त्यांनी आधीच मुलाला सांगून ठेवलं होतं. "डॉक्टरकडं ऱ्हाऊ दे. तिला आतलं दिसतं." ती आता माझ्याकडे असते. मिस्किटांनी तारा नव्या बसवून दिल्यात. मी आठवड्यातून एकदा शिकायला जाते आणि माझी प्रगती उसातल्यापेक्षा फारशी बरी नाही.

पण मला तात्या आठवतात ते इंदापूरहून आल्यानंतरच्या एका संध्याकाळचे. मला वाटलं होतं, आता वाण कळला, शोध संपला, गिटार कपाटावर जाईल. मी दवाखान्यातून घरी आले, तर धारा आटोपून तात्या नेहमीच्या जागी, गिटार नेहमीसारखी मांडीवर. चष्मा मात्र खिशात होता. ते कुठं टिचकी मारत नव्हते, वास घेत नव्हते, रेषाही मोजत नव्हते. नुसता एक हात तिच्या फुगीर पोटावर ठेवून रस्त्याकडे बघत होते.

"आता काय बघताय, तात्या? वाण तर कळला."

"काय न्हाय, डॉक्टर," ते म्हणाले. "आता सवड हाय."

मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले.